पप्पांना घेऊन चीनमधल्या मूळ गावी जायचंय? आधी माझगावला जा

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. मुंबईत जुनी चिनी कुटुंबं आता फार उरली नाहीत, बरीच कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली, आणि जी आहेत त्यात आमच्यासारखी मिक्स घरं भरपूर, म्हणजे वडील चिनी, आई गिरगावची, घरात मराठी-हिंदी आणि पप्पा चिडले की त्यांची ती गावची बोली जी आईला लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी फक्त शिव्यांपुरतीच कळते. अशा घरात कधीतरी वडील जेवता जेवता म्हणतात की एकदा गाव बघून यावं म्हणतो, आणि आपण लगेच मोबाईल काढून टूर पॅकेज शोधायला लागतो. ते करू नका. एका एजंटने आम्हाला बीजिंग, शांघाय, बुलेट ट्रेन, ॲक्रोबॅटिक शो असं सगळं दाखवलं आणि गावाचं विचारल्यावर म्हणाला मॅडम चीनमध्ये आता गावं कुठे राहिलीत. गावं आहेत. पण ती शोधायचं काम चीनमध्ये जाऊन होत नाही, ते इथेच मुंबईत बसून करावं लागतं. तिथे पोचल्यावर फक्त भेटायचं असतं. इथलं काम नीट केलं नाहीत तर पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला टॅक्सीत बसवून भलत्याच गावात फिरवाल.

गावाचं नाव कुठून काढायचं

पहिली गोष्ट, "आम्ही कँटनचे" (कँटन म्हणजे आताचं ग्वांगझौ) या उत्तरावर समाधान मानू नका. जुनी माणसं बाहेरच्याला सोपं पडावं म्हणून असं सांगतात, मग मुलांनाही तेच सांगतात. मुंबईतले चिनी सगळे एका भागातले नाहीत. दात बनवणारे बरेचसे हुबेई प्रांतातले, कोलकात्याहून इकडे आलेले बरेचसे हक्का बोली बोलणारे, आणि माझगाव-डॉकयार्ड रोडच्या पट्ट्यातले, जहाजांवर आणि गोदीत कामाला आलेले कँटोनीज, त्यातले कितीतरी सी यिप. सी यिप म्हणजे ग्वांगदोंग प्रांतातले चार तालुके समजा: ताइशान, काइपिंग, एनपिंग आणि शिनहुई. आता हे चारही जिआंगमेन शहराच्या हद्दीत येतात. पप्पा यांना तोइसान, होइपिंग, यानपिंग, सुनवुई म्हणतील, नकाशात पुतोंगह्वातली, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेतली नावं दिसतील, घाबरू नका, गावं तीच. आणखी एक, ताइशानचं नाव १९१४ पर्यंत वेगळं होतं, सुननिंग, त्यामुळे खूप जुन्या कागदावर किंवा थडग्यावर ते दिसलं तर तो पाचवा तालुका समजून शोधत बसू नका.

नवाब टँक रोडवर सी यिप कून देऊळ आहे, १९१९ चं, वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा देव, तेच ते लाल चेहऱ्याचे दाढीवाले. बाहेरून बघाल तर माझगावातली कुठलीही जुनी इमारत वाटेल. तिथे एरवीच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, चिनी नववर्षाला नाहीतर मून फेस्टिव्हलला जा, तेव्हा म्हातारी मंडळी येतात. जाताना आजोबांचा फोटो, आडनाव चिनी अक्षरात, आणि जे काही अर्धवट गावाचं नाव माहीत आहे ते कागदावर मोठं लिहून न्या. आणि पप्पांना बोलू द्या. आपण मध्ये मध्ये इंग्रजीत प्रश्न विचारायला लागलो की ते लोक पटकन "बरं बरं" करून मोकळे होतात.

मग अँटॉप हिलची चिनी दफनभूमी. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पुरावा तिथेच मिळतो, कारण थडग्याच्या दगडावर माणसाचं नाव मधल्या उभ्या ओळीत मोठ्या अक्षरात असतं आणि शेजारच्या बारीक ओळीत बहुतेक वेळा प्रांत, तालुका, गाव असं वरून खाली कोरलेलं असतं, दुसऱ्या बाजूला तारीख. हीच बारीक ओळ पाहिजे आपल्याला. ती शेवाळाने भरलेली असते. ॲसिड, घासणी, वायर ब्रश काही लावायचं नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी, आणि फोटो सकाळी लवकर काढा, ऊन तिरकं पडतं तेव्हा अक्षरांच्या खाचा उठून दिसतात, दुपारी बाराला काढलेल्या फोटोत सगळं सपाट येतं. पावसाळ्यात जाऊ नका, गवत कमरेएवढं. आजोबांचंच थडगं पाहिजे असंही नाही, आजोबांचा भाऊ, चुलत भाऊ, एकत्र आलेला गाववाला, कोणाचंही चालेल, कारण हे लोक गावच्या गाव एकमेकांचा हात धरून आलेले.

तिसरी जागा म्हणजे घरातली ट्रंक. पप्पांचे किंवा आजोबांचे परदेशी नागरिक म्हणून केलेले नोंदणीचे कागद असतील तर ते सोन्यासारखे सांभाळा. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याकडच्या चिनी लोकांवर जे काही झालं, आसाम-दार्जिलिंग बाजूच्या सुमारे ३००० लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या कॅम्पात टाकलं, इथे मुंबईत पोलिसांत हजेरी, त्या सगळ्यामुळे घराघरात हे कागद एकतर जाळले गेले किंवा इतके लपवले की मुलांना माहीतच नाही. आमच्याकडे ते शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये खालच्या फळीखाली होते. जांभळा शिक्का, कारकुनाने ऐकून जसं जमेल तसं लिहिलेलं जन्मगाव. स्पेलिंग भयानक असतं पण तेच मोठ्याने वाचून पप्पांना ऐकवलं की ते बरोबर उच्चार करून दाखवतात. कागद काढायला जबरदस्ती मात्र करू नका, त्या विषयावर ज्यांना बोलायचं नाही ते नाही बोलणार.

ट्रंकेत जुनी पाकिटंही असतील. बाहेर गेलेली माणसं घरी पैसे आणि पत्र एकत्र पाठवायची, त्याची तिकडे मोठी व्यवस्थाच होती, २०१३ मध्ये युनेस्कोने त्या पत्रांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. गावाहून आलेल्या उत्तराच्या पाकिटावर पत्ता असतो. पत्राच्या आतला मजकूर नंतर वाचून घ्या, आधी पाकिट.

आणि एक प्रश्न पप्पांना नक्की विचारा: तुमच्या नावातलं मधलं अक्षर तुमच्या सगळ्या चुलत भावांच्या नावात आहे का? जुन्या घराण्यांत एक कविता ठरलेली असते, तिचं एकेक अक्षर एकेका पिढीला नावात मिळतं. त्या अक्षरावरून गावातला माणूस दोन मिनिटांत सांगतो की तुम्ही कोणाच्या कितव्या पिढीचे. आपल्याकडे हेळवी वंशावळ सांगतात ना, तसंच काहीसं. घराण्याची लेखी वंशावळही असते, पण १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत कितीतरी जाळल्या गेल्या, त्यामुळे ती मिळेलच असं धरून चालू नका. कधी कधी परदेशातल्या भाऊबंदांकडे प्रत असते आणि गावात नसते.

एवढं हातात आलं की त्या तालुक्याच्या छ्याओल्यानला लिहायचं. परदेशातून परतलेल्या आणि परदेशी असलेल्या चिन्यांच्या कुटुंबांची ती संघटना, सी यिपच्या सगळ्या तालुक्यांत आहे आणि मूळ शोधत येणारे लोक हे त्यांचं रोजचंच काम. पत्र चिनी भाषेत, एका पानात, आडनावाचं अक्षर, आजोबांचं नाव, साधारण कुठल्या साली निघाले, भावंडांची नावं, गाव, आणि थडग्याचा फोटो. लांबलचक भावनिक पत्र नको. ते गावच्या समितीला फोन करतात, समितीवाला एखाद्या म्हाताऱ्याला विचारतो, आणि मग काही आठवड्यांनी कुठूनतरी उत्तर येतं. तोवर तिकीट काढू नका. खरंच सांगते, पप्पा कितीही घाई करोत.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीयांना टुरिस्ट व्हिसा जुलै २०२५ पासून परत सुरू झालाय, मुंबईत अर्ज करता येतो, ऑनलाइन फॉर्म भरून मग पासपोर्ट द्यायचा. दोन रस्ते आहेत. साधा टुरिस्ट व्हिसा, त्याला तिकीट आणि हॉटेल बुकिंग. किंवा नातेवाइकांना भेटायचा क्यू-२, त्याला तिथल्या चिनी नागरिक नातेवाइकाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची कॉपी. नातं अजून पक्कं जुळलेलं नसेल तर उगाच क्यू-२ च्या मागे लागू नका, टुरिस्टवर गाव बघता येतं.

पप्पांचा जन्म चीनमधला असेल तर मात्र वेळ हातात ठेवा. फॉर्ममध्ये जन्मस्थान आणि आधीचं नागरिकत्व विचारतात, आणि आधी चिनी नागरिक असलेल्यांना पहिल्या अर्जाच्या वेळी जुना चिनी पासपोर्ट आणि नवं नागरिकत्व मिळाल्याचा कागद मागतात. म्हणजे भारतीय नागरिकत्वाचं सर्टिफिकेट शोधून ठेवा, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. चीनला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, आपल्यालाही नाही, त्यामुळे यात काही लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. आणि नाव. जुन्या कागदावर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी, पासपोर्टवर मधलं नाव गायब, असा घोळ जवळपास प्रत्येक घरात आहे, तो आधी पासपोर्टात सरळ करून घ्या कारण तिकडे ट्रेनचं तिकीटसुद्धा पासपोर्टवरच्या नावावर निघतं.

हाँगकाँगमार्गे जाणार असाल आणि विमानतळाबाहेर पडणार असाल तर भारतीय पासपोर्टला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, फुकट असते, १४ दिवसांपर्यंत राहता येतं, त्याची प्रिंट सोबत ठेवा. हे शेवटच्या रात्री करायचं काम नाही.

कधी जायचं, कसं जायचं

चिंगमिंग, म्हणजे ४-५ एप्रिलच्या आसपास पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई आणि पूजा, तेव्हा जावं असं प्रत्येकाला वाटतं. माझं स्पष्ट मत, म्हाताऱ्या माणसाला घेऊन पहिल्या खेपेला तेव्हा जाऊ नये. ट्रेन भरलेल्या, रस्ते तुंबलेले, हॉटेल महाग, आणि गावातली माणसं स्वतःच्या पाहुण्यांत गुंतलेली. १ ऑक्टोबरपासूनची सुट्टी आणि चिनी नववर्षाचा महिना तर अजिबातच नको. जून ते सप्टेंबर तिकडेही आपल्यासारखा पाऊस, वर टायफून. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत हवा छान असते, पप्पांना एक हाफ स्वेटर पुरतो. नवव्या चांद्र महिन्यातल्या नवमीला, साधारण ऑक्टोबरातच, तिकडे थडग्यांची दुसरी पूजा असते, ती साधली तर उत्तम.

रस्ता असा. कोलकात्याहून ग्वांगझौला थेट विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये परत चालू झालं, नंतर दिल्लीहूनही. मुंबईकरांना मला हाँगकाँग बरं वाटतं, इथून थेट जाता येतं आणि मध्ये एक रात्र मुक्काम करता येतो. हाँगकाँगच्या वेस्ट कौलून स्टेशनात दोन्हीकडचं इमिग्रेशन एकाच इमारतीत होतं, तिथून बुलेट ट्रेनने ग्वांगझौ साउथला तासाभरात, आणि तिथे गाडी बदलून जिआंगमेन, ताइशान किंवा काइपिंग साउथ. ग्वांगझौ साउथ स्टेशन प्रचंड आहे. दादर आणि कुर्ला एकत्र केलं तरी एवढं चालणं होणार नाही, म्हणून दोन गाड्यांमध्ये चांगला दीड तास ठेवा आणि व्हीलचेअर मागायला लाजू नका. पप्पा नाही म्हणतील. तरी मागा.

मुक्काम तालुक्याच्या गावी हॉटेलात करा, खेड्यात नको. नातेवाईक आग्रह करतील, घरी राहा म्हणतील, आणि एखादी रात्र राहिलात तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात परदेशी पाहुणा म्हणून नोंद करावी लागते, हॉटेल ती आपोआप करतं, घरी राहिलं की आपण करायची. ज्या माणसाने अर्ध आयुष्य पोलिसांत हजेरी लावलीय त्याला पुन्हा तिथल्या चौकीत नेऊन उभं करायचं का, याचा विचार करा. आम्ही हॉटेलच घेतलं. शिवाय गावातले जुने संडास गुडघ्यांना झेपत नाहीत, हे कोणी सांगत नाही पण खरं कारण तेच असतं.

फोन आणि पैसे

व्हॉट्सॲप, गूगल तिथल्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग असेल तर चालतं, म्हणून रोमिंग पॅक घ्या. तिथे सगळं जग वीचॅटवर आहे आणि आपल्याकडे ते जून २०२० पासून बंद, त्यामुळे नातेवाईक क्यूआर कोड पुढे करतील आणि तुम्ही हसत उभे राहाल. एक साधी वही ठेवा, त्यांच्याकडून पत्ता आणि फोन नंबर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. ईमेल असलेला एखादा पुतण्या प्रत्येक घरात असतो, त्याला पकडा.

यूपीआय नाही. अलीपेला आपलं व्हिसा-मास्टरकार्ड क्रेडिट कार्ड जोडता येतं, ते निघायच्या आधी बँकेला सांगून इंटरनॅशनल वापर चालू करून ठेवा. तरी थोडे युआन रोख पाहिजेतच, लाल पाकिटांत घालून भेट द्यायला, आणि नोटा कोऱ्या करकरीत.

काय न्यायचं

पेढे, बर्फी, काजू कतली, सगळं घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ, मांस, अंडी, ताजी फळं-भाज्या, बिया, माती यातलं काही चीनच्या कस्टममधून आत जात नाही. आई पुरणपोळ्या बांधून देत होती, त्याही राहू द्या, विचारत बसतील. सीलबंद खारे काजू, दार्जिलिंग चहा, चंदनाचा साबण, आणि चांगली चंदनाची अगरबत्ती न्या. अगरबत्ती तर सगळ्यात भारी, ती तिकडच्या देव्हाऱ्यात लगेच लागली आणि काकूंनी उरलेला पुडा आतल्या खोलीत नेऊन ठेवला. भेट म्हणून घड्याळ, छत्री नको. चारच्या संख्येत काही नको. लाल पाकिटं भरपूर, मुलांना आणि म्हाताऱ्यांना, आणि पाकिट दोन्ही हातांनी द्यायचं.

परदेशातून आलेल्या माणसाने गावाला जेवण घालायचं अशी जुनी रीत आहे. सगळ्या गावाला शक्य नसेल तर जवळच्या घरांसाठी हॉटेलात एक-दोन गोल टेबलं, बिल आपण द्यायचं. बिलावरून तिथे अक्षरशः हाणामारी होते, कोणीतरी आधीच काउंटरवर जाऊन पैसे भरून येतो, तेव्हा तुम्ही टॉयलेटला जातो सांगून त्याच्या आधी जा.

गावात

पहिल्या भेटीला पूजेचं सामान लागतं: उकडलेली अख्खी कोंबडी, भाजलेलं डुक्कर किंवा त्याचा तुकडा, फळं, दारूचे आणि चहाचे छोटे पेले, जाळायचे कागदी पैसे, उदबत्त्या, फटाके. हे सगळं गावातल्या माणसाला पैसे देऊन आणायला सांगा, त्यांना बरोबर माहीत असतं. माळकरी आईचं काय असा प्रश्न आमच्याकडे होताच. ती फक्त उदबत्ती लावते आणि नमस्कार करते असं पप्पांनी सांगितलं, कोणी काही बोललं नाही. जेवणात मात्र भात, पालेभाजी आणि टोफू एवढ्यावर तिने दिवस काढले, तेही कुठल्या भाजीत चरबी आहे हे प्रत्येक वेळी विचारून, म्हणून शाकाहारी माणूस सोबत असेल तर खाखरा, चिवडा, लोणच्याची पाकिटं घ्या. शेजवान चटणी शोधू नका, ती तिकडे कोणी ऐकलेली नाही, आपली इकडचीच आहे.

सी यिपच्या गावाची ठेवण साधारण ठरलेली. पुढे तळं, तळ्याकाठी वड, मागे बांबू, मध्ये करड्या विटांच्या घरांच्या सरळ रांगा आणि दोन रांगांत एक माणूस जाईल एवढी बोळ. काइपिंगला असाल तर भाताच्या शेतात मध्येच उभे असलेले चार-पाच मजली बुरूज दिसतील, दिआओलौ म्हणतात. पूर आणि दरोडेखोर, दोन्हींपासून जीव वाचवायला बांधायचे, आणि १९२०-३० च्या काळात बाहेरून आलेल्या पैशावर त्याचं पेवच फुटलं, त्यामुळे वर रोमन खांब, घुमट आणि खाली बंदुकीच्या फटी असं सगळं एकत्र. १८०० च्या वर अजून उभे आहेत, २००७ पासून युनेस्कोच्या यादीत. झिली गावातले बघून या, पण गावच्या भेटीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन्ही केलं की पप्पा दुपारी तीनलाच संपतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घर. आजोबांचं घर बहुतेक अजून असतं, कुलूप लावलेलं, किल्ली कोणा चुलत्याकडे, आत जुनी लाकडं आणि खत ठेवलेलं. किंवा चुलता त्यात राहतोच. तुम्ही दारात उभे राहिलात की त्यांच्या मनात पहिला विचार येतो की हे हिस्सा मागायला आलेत. कोणी तोंडाने म्हणणार नाही पण चेहऱ्यावर दिसतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत, चहा यायच्या आधी, पप्पांनी स्वतः मोठ्यांसमोर सांगायचं की आम्ही फक्त उदबत्ती लावायला आणि भेटायला आलोय, घर-जमीन तुमचीच. एकदा हे बोलून झालं की वातावरणच बदलतं, मग जुने फोटो बाहेर निघतात, मग काका स्वतः म्हणतात चला वरच्या माळ्यावर दाखवतो.

तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या काळाबद्दल खोदून खोदून विचारू नका. परदेशात नातेवाईक असणं हाच त्यांच्यावर ठपका होता, १९५० च्या दशकात जमिनी गेल्या आणि सांस्कृतिक क्रांतीत तर बाहेरच्या पत्रामुळे माणूस अडचणीत यायचा. आपल्याकडे चिनी म्हणून संशय, तिकडे परदेशवाले म्हणून संशय. मध्येच पत्रं का थांबली याचं उत्तर दोन्हीकडे असतं आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना विचारायला संकोचतात. त्यांना एकत्र बसवा, चहा द्या आणि आपण जरा लांब बसा.

नाती वयावर नाही, पिढीवर चालतात. तुमच्यापेक्षा लहान मुलगा नात्याने तुमचा काका निघू शकतो आणि तो मान त्याला द्यावा लागतो. निघायच्या आधी एका मोठ्या कागदावर झाड काढा, आजोबांपासून खाली, चिनी अक्षरांत नावं, बाजूला फोटो चिकटवा. बोलता आलं नाही तरी हा कागद टेबलावर पसरला की सगळे त्यावर बोटं ठेवून बोलायला लागतात, पेन मागतात, नवी नावं जोडतात. भाषेचं म्हणाल तर पप्पांची बोली म्हाताऱ्यांना चांगली कळते, तरुणांना जरा जुनाट वाटते, ते हसतात, आणि भाषांतराच्या ॲपला ही बोली समजत नाही. पुतोंगह्वा आणि इंग्रजी येणारा कॉलेजातला एखादा मुलगा दिवसभर सोबत घ्या, तो घरातलाच मिळतो.

आणि पप्पा

त्यांनी काय वाटून घ्यायचं हे तुम्ही ठरवू नका. आपण मोबाईल रोखून उभे असतो की आता उंबरठ्यावर रडतील, आणि ते विचारतात इथे लाइट बिल कोण भरतं. आमचे पप्पा पूर्वजांच्या मंडपात वाकून नमस्कार करून झाल्यावर पहिलं वाक्य बोलले ते मराठीत, आईला: "अहो, छप्पर बघितलं का, वाशाला वाळवी लागलीय." मग तासभर काकांशी वाळवीवरच चर्चा. नंतर एकटेच विहिरीपाशी गेले, आत वाकून बघितलं, झाकण परत सरळ लावलं आणि जेवायला कधी आहे विचारलं. त्यावर मी काही विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. सांगायचं असेल ते हॉटेलात रात्री दिवा बंद केल्यावर सांगतात, तेव्हा मात्र जागे राहा आणि फोन रेकॉर्डिंगवर टाकायच्या आधी त्यांना विचारा.

गावात एकाच दिवसात सगळं उरकू नका. एक दिवस पूजा आणि जेवण, मध्ये एक दिवस पूर्ण आराम, मग पुन्हा एकदा नुसतंच जाणं. दुसऱ्या वेळी गर्दी नसते, फटाके नसतात, तेव्हा माणूस मोकळेपणाने फिरतो. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, चपला चढ-उतार करायला सोप्या, आणि गरम पाणी तिकडे जिथे जाल तिथे मिळतं, थर्मास मात्र आपला न्या.

माझा भाऊ प्रत्येक गोष्टीचं रील करत होता, त्याला दुसऱ्या दिवशी जिआंगमेनला परदेशी चिन्यांचं म्युझियम बघायला पाठवून दिला. म्युझियम चांगलं आहे, स्वतःही जा. शिनहुईची वाळवलेली संत्र्याची साल तिथूनच घ्या, जितकी जुनी तितकी महाग, दुकानदार वीस वर्षं जुनी म्हणेल, विश्वास ठेवायचा की नाही तुमचं तुम्ही बघा.

परत येताना

पप्पा रुमालात गावची माती बांधतील. ती आणता येत नाही, परवानगीशिवाय माती आणायला आपल्याकडे बंदी आहे, विमानतळावर बाहेर काढायला लावली तर त्यांना जास्त लागेल. आधीच सांगा आणि बदल्यात घराची एखादी सुटी कौलाची खापरी किंवा जुना वाडगा काकांकडे मागा, स्वच्छ धुऊन, माती काढून. काका नवीन वस्तू देऊ करतील, जुनीच मागा.

रोज रात्री झोपायच्या आधी त्या दिवशी भेटलेल्यांची नावं आणि नातं वहीत लिहा, दोन दिवसांनी सगळे काका एकसारखे वाटायला लागतात. मुंबईला आल्यावर फोटोंच्या प्रिंट काढा, मोठ्या साइजच्या, मागे नावं लिहून, आणि त्या पोस्टाने गावाला पाठवा. फोनवर पाठवलेले फोटो तिथले तरुण बघतात आणि विसरतात, प्रिंट भिंतीवर लागते. पाठवताना पत्ता चिनी अक्षरांत, देशाचं नाव इंग्रजीत, जीपीओत दुपारी दोनच्या आधी गेलात तर रांग जरा कमी असते.

वंशावळीची प्रत किंवा फोटो मिळाला असेल तर एक कॉपी सी यिप कूनमधल्या म्हाताऱ्यांनाही द्या, कोणाच्या तरी नातवाला लागेल. आणि त्या वंशावळीत तुमची नावं घालायची का हे काका विचारतील. मुलींची नावं पूर्वी घालत नसत, आता बऱ्याच ठिकाणी घालतात, म्हणून गप्प बसू नका, स्वतःचं नाव आणि आईचं नाव दोन्ही स्पष्ट अक्षरात लिहून द्या. आईच्या नावाला चिनी अक्षरं कुठली हे ठरवायला आमच्याकडे सगळा एक दिवस गेला आणि शेवटी काकांनी स्वतःच निवडली, तिला विचारून.